डावा कार्बोरेटर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

कुणीतरी हात लावलाय. शंभर टक्के!

परवा शनिवारी सकाळभर पोर्चमध्ये बसून मोटरसायकल बॅलन्स केली होती. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर — दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी मिसिंग मारते, अडखळते. गॅरेजवाल्याच्या दारात मी जात नाही. माझ्या दोन रबरी नळ्या आहेत. डाव्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानात, उजव्याची उजव्या कानात, गाडी स्लोवर, म्हणजे जागच्या जागी मंद चालू, आणि डोळे मिटायचे. दोन्हीकडे सारखी सूं ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तोफखान्यात नोकरी काढली, कानावर आपला भरवसा आहे.

आज सहज नळ्या लावून बघितल्या तर डावा पुन्हा ढिला, हवा कमी ओढतोय! आपोआप? स्क्रू काय स्वतःहून फिरतो?

शेजारच्या आप्पासोला स्क्रू कुठल्या बाजूला आवळतो तेही ठाऊक नाही. घरात आम्ही तिघं. आमची हायकमांड, म्हणजे बायको संयोगिता, गाडीकडे बघून नाक मुरडते. लेक शिवांजलीला गाडी फक्त मागे बसायला लागते.

राहिला कोण? काल सांगलीहून पाहुणा आला होता — शिवांजलीचा होणारा नवरा. ऋषिराज. ७ डिसेंबरला साखरपुडा आहे.

लिहून ठेवतो. अजून आरोप नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की मायलेकी कुजबुजायच्या थांबतात. जेवताना ही काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? तर म्हणे, काही नाही. हल्ली या घरात सगळंच ‘काही नाही’ असतं!

८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा बॅलन्स केली. स्क्रू आत गेला की कार्बोरेटर जास्त उघडतो; डाव्याचा चांगलाच आत न्यावा लागला, तेव्हा कुठे दोन्ही कानांत आवाज सारखा झाला. हँडल मात्र थरथरतंय. इंजिनाचं रबर जुनं झालं असेल.

आज एक काम केलं. शिवांजलीची लाल नेलपॉलिश घेतली आणि दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावरून खालच्या बॉडीपर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. पलटणीत नट हलला का हे बघायला आम्ही असंच करायचो. आता स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार. कुणाला सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आला. भडंगाचा पुडा, हिच्यासाठी हळद, माझ्या पाया पडणं, सगळं कसं जिथल्या तिथे. इतकं गोड वागणारी माणसं मला पहिल्यापासून पचत नाहीत. मी डावीकडची खुर्ची दाखवली, तर हा उठून उजवीकडे येऊन बसला. मोठ्या माणसानं जागा दाखवली की तिथं बसावं, एवढं सांगलीत शिकवत नाहीत काय?

मला माजी सैनिकांच्या बैठकीला जायचं होतं. मुद्दाम गेलो. मागे रान मोकळं सोडलं.

परत आलो तर दोघं गाडीवरून उंब्रजपर्यंत जाऊन आली होती. याच्या हाताला साबणाचा वास. साबणाखाली पेट्रोलचा. मी हसून चहा घ्यायला सांगितला. मीही कच्चा नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

डाव्याची रेघ तुटलीय! उजव्याची शाबूत.

नळ्या लावल्या. डावा ढिला. आणि चमत्कार असा की हँडल आज अजिबात थरथरत नाही, हातात लोण्यासारखं. त्यानं काय केलंय देव जाणे. पण माझे कान मला खोटं सांगणार नाहीत.

पोरीला अजून बोललो नाही. तिचा चेहरा बघितला आणि नुसता चहाच मागितला. लाडाची आहे. म्हणूनच डोळे उघडे ठेवायला पाहिजेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सोक्षमोक्ष.

शनिवारी पुन्हा बॅलन्स करून नवी रेघ ओढली होती. आज सकाळी ऋषिराज आला; दुपारी बघितलं, पुन्हा तुटलेली. ऋषिराजला पोर्चमध्ये बोलावलं. शिवांजली पाठोपाठ आली. मी सरळ विचारलं, या स्क्रूला तू हात लावलास?

त्यानं आधी शिवांजलीकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “न्हाई मामा. म्या कशाला लावू?”

तोंडावर! लाल रंगाची कपची अजून त्याच्या नखात होती.

मी म्हटलं, “लावला म्हणाला असतास तर म्या हसून सोडून दिलं असतं रं. पण जो स्क्रूसाठी खोटं बोलतो, तो माझ्या लेकीशी उद्या कशाकशासाठी बोलंल?”

तो पाया पडला आणि स्टँडकडे चालत गेला. शिवांजली आत जाऊन दार लावून बसली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगलीला त्याच्या वडिलांना फोन केला, हंबीररावांना. गाडीपाशीच होतो, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, म्हणून फोन डाव्या कानाला. साखरपुडा होणार नाही म्हणून सांगितलं. ते काय बोलले देवाला माहीत. नुसतं पुटपुटत होते, शब्द गिळत होते. ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो असाच बोलतो. ठेवून दिला.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पोरगी जेवली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी शिवांजली समोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, “स्क्रू त्येनंच फिरवला आबा. पण तुमास्नी सांगायचं न्हाई, आशी शपथ मीच घातली हुती.”

कशासाठी? म्हणून विचारलं, तर आत गेली आणि एक फळी आणून माझ्या पायापाशी ठेवली. म्हणाली, “त्येची हाय. लावून बघा.” आणि निघून गेली.

म्हणजे कट होता! लेकसुद्धा सामील!

फळी बघितली. तिच्यावर यू आकारात ठोकलेली पारदर्शक नळी, तळात थोडं ऑइल. दोन टोकं दोन कार्बोरेटरना जोडायची. दोन्ही सारखे ओढत असतील तर ऑइल दोन्हीकडे एका उंचीला राहणार. नाहीतर जो जास्त बंद, त्याच्या मागे ओढ जास्त, म्हणून ऑइल त्याच्या बाजूला वर चढणार. हुशारी आहे, नाही म्हणत नाही.

कालच मी कानानं बॅलन्स केली होती, अगदी चोख. फळी जोडली, गाडी चालू केली. ऑइल सरसर उजवीकडे वर चढलं. म्हणजे डावा जास्त उघडा! मी ज्याला ढिला म्हणत होतो तोच.

फळी खोटी असणार. नळी कुठेतरी हवा घेत असेल. टोकं बदलून जोडली, तर ऑइल बरोब्बर डावीकडे चढलं. फळी खरंच बोलत होती.

मग ऑइल सारखं होईपर्यंत डाव्याचा स्क्रू बाहेर काढला. हँडलची थरथर थांबली. गाडी पोरीच्या झोपेसारखी शांत. कानात नळ्या घातल्या — डावा ढिला.

काहीतरी एक खोटं बोलतंय. कोण ते कळत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज त्याच नळ्या उलट्या घातल्या. डाव्या कार्बोरेटरची उजव्या कानात, उजव्याची डाव्या कानात.

आता उजवा ढिला.

नळ्या कानांतून काढून गुंडाळून ठेवल्या. मग मोबाईलवर सांगलीचा नंबर लावला आणि फोन उजव्या कानाला धरला.