दहा कप्पे

प्रिय मास्तर,

तीन वर्षांत साधा फोन नाही आणि एकदम पाकीट, म्हणून दचकशील. तुझी खुर्ची अजून माझ्या शेजारीच आहे. तिच्यावर मी पिशवी ठेवते. नवी मंडळी भली आहेत, पण कानात इअरफोनची बोंडं घालून बसतात. परवा दिवसभरात मी एकट्या कॅन्टीनच्या काकूंशी बोलले, तेही साखर कमी घाला एवढंच. फार एकटं वाटतं रे.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या आपल्या कंपायलरचं काम तू मला अगदी अ आ इ पासून शिकवलंस, म्हणून तर मास्तर. प्रोग्रामचा एक तुकडा, म्हणजे एक फंक्शन, दुसऱ्याला बोलावतं, तेव्हा प्रोसेसरच्या कप्प्यांत पहिल्याचे आकडे असतात. काही कप्प्यांतले आकडे बोलावणाऱ्याने आधीच हलवायचे, काही कप्पे आलेल्याने जाताना होते तसे करून ठेवायचे. कोणते कुणाचे, हे दर ऑपरेटिंग सिस्टिमचं निराळं, म्हणून प्रत्येकीची वेगळी यादी. तू म्हणायचास, दोघंही 'तो बघेल' म्हणून बसले की आकडा मेलाच.

तसाच मेला. पुलांची गणितं करणाऱ्या त्या गिऱ्हाइकाची उत्तरं दुसऱ्या सिस्टिमवर अधूनमधून चुकू लागली. ते काम तुझ्या नावावर, म्हणून खापर तुझ्या माथी फुटलं. भर बैठकीत साहेबांनी दहा कप्पे यादीतून गळल्याचं सांगितलं. ती यादी मी केली होती. पहिल्या सिस्टिमची उचलून दुसरीला तशीच चिकटवली होती. माझी नोकरी अजून कच्ची होती; मी मूग गिळून बसले. आठवड्याने तू राजीनामा दिलास. तुला काही माहीत नाही, याच आधारावर मी इतके दिवस काढले.

गेल्या सोमवारी जुना कोड आवरताना त्या यादीचा इतिहास, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, उघडला. खाली माझं नाव. वर तुझी दुरुस्ती, बैठकीच्या दिवशी सकाळची, दोन तास आधीची. शेजारी तू लिहिलं होतंस: माझी चूक, दुरुस्त केली. मी टेबलाशी बसून रडले. कुणी मान वर केली नाही.

येत्या बैठकीत मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे. साहेब तुला फोन करून विचारतील, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधी हे पत्र. हात जोडते मास्तर, या वेळी मला वाचवू नकोस.

तुझीच,
किटकिट