भिंतीतलं ग्रंथालय

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते काही चांगल्या कारणानं नाही. मला माझ्याच हाताची शिसारी आली आहे. हात तुम्ही घडवलात, तेव्हा तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

ड्रॉइंगच्या परीक्षेआधी तुम्ही आम्हाला मकबऱ्यात नेलं होतंत. लांबलचक हौद, दोन्हीकडच्या फरसबंद वाटा, आणि सगळं पुढं जाऊन एका ठिपक्यात मिटणारं. मी झपाझप रेघा ओढते आणि कौतुकाच्या आशेनं कागद पुढं करते. तुम्ही तो लांब धरून बघता. "रेघा सरळ हायेत. पण बघतंय कोण?" मला कळत नाही. "अगं, ही आडवी क्षितिजरेषा कुणाच्या डोळ्याची? तुझ्या, माझ्या, का त्या खारीच्या?" पोरी हसतात. तुम्ही मला तिथंच उकिडवं बसवता, आणि खरंच, मघाची वाट आता निराळीच दिसते. "बघणारा हलला की चित्र खोटं पडतं. म्हून आधी बघणारा ठरवायचा, मंग रेघ." परतताना तुम्ही तुमचा निळीचा दोरा मला देऊन टाकलात, टोकाला खिळा बांधलेला. खिळा त्या ठिपक्यावर ठोकायचा, दोरा ताणून टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ. तो दोरा मी जपून ठेवला होता. या कामाला तोच वापरला.

मी आता पाचोडच्या पुढच्या एका गावात चित्रकला शिकवते. शहरातून एसटीनं रोज जाऊन येऊन करते. आमच्या शाळेला ग्रंथालयाची खोली आहे आणि तिच्यात संस्थाचालकांच्या बागेतल्या मोसंबीचे क्रेट असतात. सडक्या मोसंबीचा आंबूस वास थेट पाचवीच्या वर्गात येतो, पोरांच्या डब्यांवर चिलटं बसतात. पुस्तकं त्या क्रेटच्या मागं पत्र्याच्या पेट्यांत कुठंतरी आहेत म्हणे. तपासणीसाठी ग्रंथालयाचा फोटो पाठवायचा होता. कुणीही म्हणेल, क्रेट हलवा. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमच्या हातात लई कला हाय. व्हरांड्याच्या शेवटच्या भिंतीवर आख्खं ग्रंथालय काढा की. फोटूत कोण हात लावून बघतंय?" मी नाही म्हटलं. "मंग चित्रकलेचे तास गणिताला देऊन टाकू. तसंबी पोरांना त्याचा काय उपयोग हाय?" हे बोलताना ते त्यातलीच एक मोसंबी खात होते आणि बिया तळहातावर थुंकत होते.

माझं डोकं फिरलं, पण मी हो म्हटलं, कारण मला तुमचं मकबऱ्यातलं बोलणं आठवलं. क्षितिजरेषा मी मुद्दाम खाली धरली, जेमतेम माझ्या छातीएवढी. उभ्या माणसाला जमीन उताराला लागलेली आणि कपाटं घरंगळायला निघालेली दिसावीत, फोटो नीट हवा असेल तर मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत गुडघे टेकावेत, एवढाच माझा सूड. बाकी काम मात्र मी जीव ओतून केलं. कपाटं, टेबल, मागं मागं लहान होत जाणाऱ्या फरश्या, शेवटी एक खिडकी. ते बघायला आले तेव्हा कपाळाला आठ्या. "बाई, हे वाकडं का दिसायलंय?" बसून बघा, म्हटलं. वाटलं, आता तरी लाज वाटेल. त्यांनी खिशातला रुमाल काढला, फरशीवर अंथरला आणि टेकले गुडघे. मुळात नसलेली लाज वाटणार कशी? करायला गेले गणपती अन् झाला मारुती. फोटो फक्कड आला, वर गेला, शेराही चांगला मिळाला. त्या आनंदात आम्हाला मोसंब्या वाटल्या. माझी मी एसटीत विसरून आले, मुद्दाम.

पाचवीत एक मुलगी आहे. तिचे आईबाप मेंढरं घेऊन फिरतात, तीही मधेच त्यांच्याबरोबर जाते. भिंत रंगत होती तेव्हा ती नव्हती. परवा आली आणि मधल्या सुट्टीत एकटीच व्हरांड्याच्या टोकाला गेली. मी वर्गाच्या दारातून बघतेय. ती थबकते. दोन्ही हात झग्याला पुसते, मागून पुढून, नीट, आणि कपाटातल्या लाल पुस्तकाकडं हात नेते. नखं भिंतीवर खरकन वाजतात. मागची पोरं फिदीफिदी हसली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला ठावं व्हतं बाई, भित्ताडच हाय म्हून." मग हात पाठीमागं धरून नळाकडं निघून गेली.

मुख्याध्यापक फसले नाहीत सर, आणि फोटो बघणाऱ्यांना तर सगळं ठाऊकच असतं. त्या भिंतीसमोर ताठ उभं राहून जिला ती खोली खरी दिसेल, त्या उंचीची शाळेत कोण आहे, हा तुमचा पहिला प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मुख्याध्यापकांची किळस मला सवयीची झाली आहे. माझी मला आली ती नवीन आहे आणि जेवायला बसलं तरी जात नाही.

आज शाळा सुटल्यावर ती भिंत पांढरी करून टाकायला चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन गेले. कुठून सुरुवात करावी ते बघायला त्या मुलीएवढी खाली बसले. सर, खोली फार सुरेख उतरली आहे. खिडकी खरोखर लांब वाटते, आणि तिच्यातून आलेलं ऊन फरशीवर असं पडलंय की वाटावं, पाय ठेवला तर भाजेल. तुम्ही मला एकदाही चांगलं म्हणाला नाहीत. हे बघून म्हणाला असतात. हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नसती, आणि कागद धाडायला तुमचा पत्ताही उरला नाही, म्हणून लिहिता आलं.

बादलीवर झाकण ठेवलं आणि शेवटची एसटी पकडली.