डाव्या कानाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, डावा कान ठार बहिरा, उजवा शाबूत आणि डोकं त्याहून शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कुणाचं दडपण नाही. हिच्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचाय, असं आमची आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. दुकानातली सगळी हत्यारं, तेलाच्या बुधल्या आणि सुट्या भागांचे डबे समोरच्या शिंपीणबाईंना द्यावेत. टाका सुटला तर त्या मशीनला शिव्या देत नाहीत. सुई वाकडी आहे की दोरा कच्चा, ते आधी बघतात. माझाही जन्म याच खोडीत गेला.

कलम २. डावा कान. याचा इतिहास लिहिणं भाग आहे. लहानपणी भांडणात धाकट्या बहिणीने माझ्या कानशिलात लगावली. दुसऱ्या दिवशी त्या कानाने ऐकू येईना. झालं! धाकटीने ताईचा कान फोडला, असं घरादाराने ठरवून टाकलं. अहो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल, आधी बघा तरी, असं मी म्हणत राहिले. पण बहिरीचं कोण ऐकतं?

म्हातारपणी उजवा कान दाखवायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डावाही नीट तपासला आणि कागदावर लिहिलं, ‘इडिओपॅथिक’.

मी विचारलं, “म्हणजे याला कारणच नाही?”

“कारण असणारच हो. पण आम्हाला ठाऊक असलेली सगळी कारणं तपासून त्यातलं एकही सापडलं नाही, की आम्ही हा शब्द लिहितो. पडदा शाबूत आहे तुमचा. तरी इतक्या वर्षांनी ‘चापट नव्हतीच’ असं छातीठोक नाही सांगता येणार.”

केवढा प्रामाणिक शब्द! ‘ठाऊक नाही’ हेच, फक्त इस्त्रीचे कपडे घालून. मी मुद्दाम वैद्यकीय शब्दकोश विकत आणला. शब्द मूळचा ग्रीक निघाला. पुढचा तुकडा ‘स्वतःचं’, मागचा ‘दुखणं’. दुसऱ्या रोगातून न आलेलं, आपलं आपणच उपटलेलं. मग मी तो शब्द ऊठसूट घरात वापरू लागले. दूध का नासलं? इडिओपॅथिक.

“पातेलं तूच विसळलं नव्हतंस,” धाकटी म्हणाली. “कारण समोर दिसतंय, मग तो शब्द चालेल का?”

नाही चालणार. बरोबर पकडलं तिने.

कलम ३. राहतं घर. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा धाकटीने माझ्या नावे सोडून दिला, कारण आमच्या दादाने तिला तोंडावर विचारलं होतं, “कान घेतलास, आता घरही हवं का?” ती आजही माझ्या उजव्या बाजूलाच बसते. हे घर आणि बँकेतली शिल्लक संपूर्णपणे तिची. दादाने आपला वाटा रोखीने घेतल्यावर अर्धं घर तिचंच होतं, उरलेलं मी खुशीने देते. ही भरपाई नाही आणि उपकारही नाहीत.

कलम ४. दादाला वरील शब्दकोश. पान दुमडून ठेवलं आहे. चष्मा लावून वाचावं.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर डाव्या कानामागचं हाड, आतल्या कानासकट, वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावं. तिथे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. निष्कर्ष घरी मागवून दादाच्या देखत, सगळ्या नातेवाइकांपुढे मोठ्याने वाचावा. धाकटीवरचा ठपका एकदाचा पुसला जाईल, आणि मेल्यावर का होईना, माझ्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

कलम ६. वरचं कलम मी धाकटीला वाचून दाखवलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला चिमटा हातातच राहिला.

“ताई, आणि चापटच निघाली तर?”

“नाही गं निघणार.”

“तुला काय ठाऊक? त्या शब्दाचा अर्थ तूच शिकवलास ना मला?”

मी तिला सोडवायला निघाले होते आणि उलट तिला पिंजऱ्यात उभी करत होते, तेही मी नसताना. चापट निघाली तर ‘जाऊ दे गं, माझा राग नाही’ हे तिला कोण सांगणार होतं?

म्हणून कलम ५ मध्ये असा बदल करते. हाड द्यावंच, दुसऱ्या कुणाच्या कानाला उपयोग होईल. मात्र निष्कर्ष काहीही निघो, तो घरी कळवू नये. कुणी मागितला तरी देऊ नये, दादाने मागितला तर मुळीच नाही. मला जाणून घ्यायचं होतं, फार फार जाणून घ्यायचं होतं. पण उत्तरापेक्षा मला माझी बहीण हवी आहे.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली
रविवार, ता. ९ मार्च २०२५

सही: थोरली

साक्षीदार, दोघांनीही सही समक्ष पाहिली:
१. शेजारचा किराणा दुकानदार
२. कानाच्या डॉक्टरीणबाई. कलम ६ वाचलं. महाविद्यालयाला तसं मी स्वतः कळवीन.