पाऊण तासाचं नागपूर

मु. येलदरी, ता. जिंतूर

चि. सौ. कोकिळास, तुझ्या आप्पादादाचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी खुशाली मात्र तू फोन उचलत नाहीस म्हणून कळत नाही. (बोलायचं नसलं तरी वाचायला हरकत नसते, म्हणून हे पत्र.) तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सख्खा भाऊ माहेरची साडी घेऊन आला नाही, हा राग रास्तच आहे. पण आधी ऐकून घे, मग हवं तेवढं रागव.

तुझ्या लेकाने, योगीराजने, आम्हा नवरा-बायकोची तिकिटं काढली आणि सांगितलं, नांदेड ते नागपूर सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर, विमानाला पाऊण तास. पोरगा हुशार, पण त्याने नांदेडच्या पुढचंच मोजलं. येलदरी ते नांदेड या रस्त्यावर आपले किती सोयरे राहतात, हे त्याच्या मोबाइलला काय ठाऊक? बहिणीच्या वास्तूला आहेर घेऊन निघालेल्या माणसाला दारावरून तसंच जाऊ द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. जिंतूरला व्याही मुंजाजीराव भर रस्त्यात उभे. त्यांच्याकडे चहा, तुझ्यासाठी खण आणि पुन्हा चहा. (पहिल्यात साखर टाकायची राहिली होती.) परभणीला बायनाआत्याने तुझ्यासाठी कुरडया बांधून दिल्या आणि विचारलं, "इमानात पयल्यांदाच बसायलास ना? मंग पोखर्णीच्या नरसिंहाला न सांगता कसं जातूस?" पोखर्णी आपल्या वाटेवर नाही, हे आत्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुझ्यात होती, पण तू नागपुरात.

नांदेडला पोचलो तेव्हा विमान डोळ्यांसमोर उभं. गणवेशातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, वेळ संपली. मी म्हणालो, "बाई, इमान हितंच हाय, आमी बी हितंच हाव, मंग अडचण कशाची?" तिने आम्हाला पाणी दिलं. तेवढ्यात विमान सुटलं आणि तुझी वहिनी कुंपणाच्या जाळीतून हात बाहेर काढून त्याला थांबवत राहिली. (जिंतूरची एसटी तिच्या या हाताला आजवर कधी नाही म्हणालेली नाही.) मुहूर्त त्याच संध्याकाळचा, दुसरी कुठलीच गाडी वेळेत पोचणारी नव्हती. आधी आम्ही खूप हसलो. मग मी साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. तू दारात किती फेऱ्या मारत असशील, तेच डोळ्यांपुढे येत होतं. फार वाईट वाटलं, कोकिळे.

घरी सर्वांना यथायोग्य. योगीराजला सांग, त्याचं गणित बरोबर होतं, आमचा गोतावळा मोठा आहे.

तुझा,
आप्पादादा

ता. क. साडी पोस्टाने पाठवत नाही. तुझी वहिनी म्हणते, माहेरचा आहेर हातातच द्यायचा असतो.

ता. क. पुन्हा एकदा. योगीराजला विचारून खात्री केली आहे (तो माझा फोन उचलतो). विमानाला जायला पाऊण तास लागतो आणि यायलाही पाऊणच. दर पंचमीला तुझी वहिनी लिंबाला झोका बांधते आणि दर पंचमीला तू म्हणतेस, "दादा, लय लांब पडतं." आता पडत नाही. राग घेऊनच ये, पण ये.