कामावर हजर

८ जानेवारी

आज पुन्हा परत पाठवलं! अर्ज बरोबर, फोटो बरोबर, डॉक्टरचा कागद बरोबर — पण शिक्का पुसट आला म्हणे. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, अहो, वाचता तर येतोय. तो म्हणाला, "मला येतोय. वरच्यांना आला पाहिजे." सरकारी काम आणि सहा महिने थांब! थांबायला माझी ना नाही, पण उभं राहून कसं थांबू?

रांगेतच जमीन फिरली. हिचा खांदा धरला. मागचा एकजण म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकून आलाय." हिने त्याला असं फैलावर घेतलं की खिडकीतलाही पेन खाली ठेवून ऐकत बसला. बायको असावी तर अशी.

डॉक्टरने सांगितलंय, चक्कर आली की लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. आजची मोठी, रांगेत. आजार कानाच्या आतला. डावा कान गेलाच, नुसता गुणगुणतो. हात धड, पाय धड, छाती धड. दिसायला बैल! आणि बाथरूमला जायचं तर भिंत धरून.

बावीस वर्षं शेडच्या छताला लागून क्रेनच्या केबिनमध्ये बसलो. लोखंडाचे बीम असे ठेवायचो की खालचा अंड्याचा ट्रेसुद्धा फुटू नये. खालचे मला 'उंटावरचा शहाणा' म्हणायचे. आता उंटही गेला, शहाणाही गेला. आजारपणाचा भत्ता मिळाला नाही तर घरात खायचं काय, हा प्रश्न आहे. दुसरा कुठलाच नाही.

११ जानेवारी

चक्कर नाही. येईल म्हणून दिवसभर पलंगाची कड धरून बसलो, ते वेगळं.

१५ जानेवारी

रात्री बारक्या आला. हिचा धाकटा भाऊ. नावाला बारक्या, दारातून आत येताना आडवा होऊन यावं लागतं. आमच्याच शेडमध्ये आहे, खाली साखळ्या बांधायला. तो बांधायचा, मी वरून उचलायचो. मेव्हणे-दाजी नाही, एक माणूस असल्यासारखं काम चालायचं.

पाकीट ठेवलं पुढ्यात. "शेडमधल्यांनी वर्गणी काढली, दाजी. ह्याही महिन्याची." रडलो मी. लाज कसली, रडलो! त्या लोकांना मी वरून नुसत्या टकलांवरून ओळखायचो. कधी धड बोललोही नाही. आणि ते पोटाला चिमटा काढून मला देतात.

विचारलं, क्रेनवर आता कोण? "आहे एक नवीन." मग म्हणाला, "दाजी, गारठ्यात ब्रेक उशिरा धरतो का हो? त्या नव्याला विचारायचं होतं." बाबा रे, मला हेच पाहिजे होतं! तासभर सांगत बसलो. माल हवेत असताना हिसका देऊ नको, झोका आला तर झोक्याच्या दिशेने जा, उलट जाऊ नको. बारक्या मान डोलवत होता. मी जेवायला बस म्हटलं तरी कधी एवढं लक्ष देत नाही.

ही मात्र आत भांडी आपटत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तुमचं झालं की त्याला घरी जाऊ द्या. डोळे बघा त्याचे, झोप नाही."

२४ जानेवारी

मेडिकल बोर्ड. तीन डॉक्टर, एक टेबल. हात वर करा. वाका. त्या रेषेवरून चाला. चाललो — आणि चक्कर आली नाही! जी बया रोज छळते ती नेमकी आज माहेरी गेली! मोठे डॉक्टर म्हणाले, "छान चालता की." आजारी माणसाने आजारी पडावं म्हणून मनातल्या मनात हात जोडले, असं आयुष्यात पहिल्यांदा.

त्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "थांबा सर." मला आडवं केलं आणि कानात गार पाणी सोडलं. मग काय विचारता! छत उलटं, मी उलटा, सगळं पोटातून बाहेर. ती माझे डोळे बघत होती. "पाहा सर, बुब्बुळं कशी धावतायत." मोठे डॉक्टर बूट मागे घेऊन उभे.

लिहून दिलं तिने. उंचीवर नाही, यंत्रावर नाही, काम करण्यास असमर्थ. माझ्याबद्दल इतकं वाईट कुणी लिहिलं नव्हतं आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. आता फक्त कार्यालयाची सही.

२५ जानेवारी

हिला आनंद नाही. दोनदा विचारलं, "आता ते कारखान्यात विचारतील का हो?" विचारू देत की. तिथे काय सांगणार, माणूस आजारी पडून घरी बसलाय! भाजी करपली तरी तिथेच उभी.

६ फेब्रुवारी

नीट लिहितो. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

कार्यालयातून बोलावणं होतं. साडेदहाला आत घेतलं. टेबलामागे एक चष्मेवाल्या बाई, वयाने माझ्याएवढ्या, बोलायला चांगल्या. कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा कॉम्प्युटरकडे.

"तुम्ही आत्ता कामावर आहात."

म्हटलं, बाई, मी तुमच्यासमोर आहे.

"सकाळी सातला कारखान्याच्या गेटवर कार्ड टेकवलंय. आत गेलात. अजून बाहेर पडला नाहीत." बोटाने खाली सरकवत गेल्या. "काल गेलात. परवा गेलात. एक दिवस खाडा नाही. पगारही चालू आहे."

मी हसलो. खरंच हसलो. नावात घोटाळा असेल म्हटलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच फोटो, बावीस वर्षांपूर्वीचा, मिशीवाला. खाली हिरवी अक्षरं — हजर.

म्हणजे मी तिथे आहे, आणि इथे बसलेला हा कोण?

ही बाहेर बाकावर होती. तिला सांगितलं. ती "अगं बाई" म्हणाली नाही, "असं कसं" म्हणाली नाही. नुसती पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. तेव्हा कळलं. तिला माहीत होतं.

७ फेब्रुवारी

बारक्या आला. मान खाली. एवढा मोठा माणूस, स्टुलावर चिमणीएवढा झाला.

क्रेनवर नवीन कुणी नाहीच. तोच आहे. सकाळच्या पाळीत परवाना फक्त माझ्याकडे होता. मी पडलो तेव्हा दुसरा माणूस मिळेना आणि परवानेवाला नसेल तर शेड बंद. मुकादम म्हणाला, दाजींचं कार्ड चालू ठेव, तू चढ वर. पगार त्यांच्या घरी पोचव, त्यांचंही भागेल. "कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही केलं, दाजी. तुमची जागा राहावी म्हणून केलं."

म्हणजे वर्गणी नव्हती. कुणी पोटाला चिमटा काढला नव्हता. मी उगाच त्या टकलांना मनात नमस्कार घालत बसलो!

"आणि स्वतःचं काम कोण करतं रे?" तेही हाच. सकाळी माझ्या नावाने वर, दुपारच्या पाळीला स्वतःच्या नावाने खाली. म्हणून डोळे तसे.

ओरडलो. क्रेन म्हणजे काय खेळणं आहे? शिकलास कुठे? तर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत की. इथे, ह्याच खोलीत."

उतर म्हटलं. उद्याच्या उद्या उतर. "उतरलो तर विचारतील, आधी कोण होतं. मग मुकादम आत, मी आत. पोरं लहान आहेत, दाजी."

हिने फक्त एवढंच विचारलं, "चहा घेणार का रे?"

१२ फेब्रुवारी

सकाळी सात वाजले की डाव्या कानात गुणगुण वाढते. क्रेन रुळावरून सरकताना जसा आवाज येतो, अगदी तसा. पडल्या पडल्या वाटतं, आता मी गेटवर आलो. आता शिडी चढतोय. आता खाली बघतोय.

चक्कर : दोन. एकदा उलटी.

१६ फेब्रुवारी

चष्मेवाल्या बाईंचं पत्र. तीन दिवसांत खुलासा द्या. फोन केला. बाईंनी कागदावर नव्हतं ते तोंडी सांगितलं, उपकारच म्हणायचे. हजेरी खोटी आहे म्हणालात तर भत्ता पहिल्यापासून मिळेल, पण चौकशी होणार, आणि चौकशी आमच्या हातात नाही, पोलिसांकडे जाते. मी कामावर होतो असं लिहून दिलंत, तर कुणी काही विचारणार नाही. हा अर्ज बाद. दुसऱ्या दिवशी नवा भरा, बोर्डाचा कागद तोच चालेल.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

हिला म्हटलं, तू सांग. म्हणाली, "मी काय सांगू? आई गेली तेव्हा तो चालतही नव्हता. माझ्या कडेवर वाढलाय तो." आणि मग, "तुम्ही ठरवाल ते." असं म्हणायचं आणि वर रडायचं! मग माझ्यावर ठरवायला उरलं काय?

रागावलो. जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो.

१८ फेब्रुवारी

बारक्याला बोलावून बजावलं. उद्याचा दिवस शेवटचा. उद्याची सकाळची पाळी कर, सुटताना माझं कार्ड मुकादमाच्या टेबलावर ठेव. त्याला सांग, शेड बंद पडली तर पडू दे. मी उद्या चारला कार्यालयात जातो आणि लिहून देतो, आजपर्यंत मीच होतो. परवापासून तू खाली, मी घरी. विषय संपला.

पाया पडायला वाकला. म्हटलं, ऊठ, जमीन हलते माझी.

खरं तर आजच उतर म्हणणार होतो. पण मुकादम म्हणाला म्हणे, एक मोठी खेप आहे, तेवढी उचलून द्या. आता एका दिवसाने काय होतंय!

१९ फेब्रुवारी

झालं एकदाचं. चारला आत गेलो. मोबाइल बंद करून बाहेरच्या पेटीत ठेवायला लावतात, तसे ठेवले. बाईंनी कोरा कागद दिला. लिहिलं — मी आजपर्यंत क्रेनचालक म्हणून नियमित कामावर हजर होतो. आजची सकाळची पाळी मी स्वतः केली आहे. उद्यापासून तब्येतीमुळे काम करू शकत नाही. खाली सही. बाईंनी एकदा वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "नक्की ना? मग नंतर बदलता येणार नाही हं." नक्की म्हटलं. शिक्का मारला. पुसट नाही, चांगला ठसठशीत.

हात दाखवून अवलक्षण, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. हलकं वाटतंय. मागचा भत्ता बुडाला तर बुडाला. हिचा भाऊ वाचला. येताना हिने रिक्षात माझा हात धरला होता, लग्नानंतर लोकांदेखत पहिल्यांदा असेल. म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस नाही." ऐकून बरं वाटलं, कशाला नाकारू!

घरी आल्यावर हिला फोन आला. तो घेऊन गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. बराच वेळ बोलत होती, फार हळू. माझा कान असा, काही कळलं नाही. आत आली तेव्हा विचारलं, कोण? "कुणी नाही. चुकून लागला." चेहरा धुवायला गेली.

बारक्या येतो म्हणाला होता, आला नाही. थकला असेल.

२० फेब्रुवारी

पोलीस बाहेर बसलाय. कपडे बदलायला सोडलंय, तेवढ्यात लिहितोय. काल दुपारी बाराच्या आधी शेडमध्ये बीम सुटला. खालची दोन माणसं गेली. बारक्याचा फोन बंद आहे, घरीही नाही. पोलीस म्हणाला, गेटवर कार्ड तुमचं लागलंय, पण लोक म्हणतात तुम्ही महिनोन्‌महिने आजारी. मग वर केबिनमध्ये कोण होतं? मी भिंत धरून उभा, जमीन फिरत होती. म्हणून त्याने हिला विचारलं. ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेच होते."