अल्जिब्रा आणि अम्माचा हात

नागपूर, ९ सप्टेंबर १९३८

प्यारी अम्मा,

मकबूलचा सलाम. सोनाजीकाका हे वाचून दाखवतील, त्यांना माझा रामराम सांग.

मी खुशाल आहे. जेवण बराबर मिळून राहिलं. खोकला होता, तो गेलाच समज. तुझं मनगट अजून दुखतं का?

एक गोष्ट कबूल करतो. इथल्या पोरांनी विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हणालो, घरीच असते. तू मोडलेली हाडं बसवतेस, हे सांगायची मला शरम वाटली.

काल गणिताच्या सरांनी अल्जिब्रा हा इंग्रजी शब्द कुठून आला ते सांगितलं. अरबीतल्या 'अल-जब्र'वरून. म्हणजे तुटलेलं पुन्हा जोडणं. हाड बसवण्यालाही तिकडं हाच शब्द आहे. सरांनी विचारलं, "असं काम कुणी पाहिलंय?"

मी उभा राहिलो. "माझी आई करते, सर. शिरड शहापुरात."

मग शेजारच्या वामनचा हात धरून हळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, सगळं दाखवलं. कुणी हसलं न्हाई. सर म्हणाले, "मग हा शब्द तुमच्या घरचाच की." अम्मा, माझी छाती फुलून आली. मार्क मात्र अजून बेताचेच आहेत.

तास सुटल्यावर वामननं बाही वर केली. लहानपणी मोडलेलं त्याचं कोपर वाकडंच जुळलंय. "तुझी आई बघेल का?"

"व्हय," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला घेऊन येतो.

तुझा लेक,
मकबूल