वारा कुणाच्या घराकडे वळवला

बाई, तुम्ही मरून सुटलात आणि सांगायचं ते न सांगता गेलात, हा माझा राग आहे आणि तो इतक्या वर्षांत कमी झालेला नाही. वारा देवाचा, पाऊस त्याचा, झाडाचं पानही त्याच्या हुकमाशिवाय गळत नाही, हे तुम्ही आम्हाला पाटीवर अक्षरं गिरवायला लावता लावता शिकवलं. होडीची गोष्ट तर दर पावसाळ्यात सांगायच्या. तुफान आलं, चेले घाबरले, प्रभूनं उठून वाऱ्याला दटावलं, वारा गप. आम्ही मोठ्या बायका पोरांसारख्या तोंड उघडं टाकून ऐकायचो. मग ती आग लागली आणि तुम्ही ती गोष्टच बंद केली. दोन पावसाळे मी वाट पाहिली. तिसऱ्याच्या आधी हिवतापानं तुम्हीच गेलात. गोष्ट काऊन बंद केली, ते मला आता पाहिजे.

लेक चांद्याच्या दवाखान्यात आहे. तीच, जिच्या बाप्तिस्म्याला तुम्ही जर्मनचा गंज, ते पातेलं, दिला होता. त्याच गंजात मी तिच्यासाठी पेज शिजवते, ती दोन घोट घेते आणि तोंड फिरवते. खोकल्यात रक्त पडतं. नवी सुई टोचतात, पण डॉक्टर आता माझ्याकडे न पाहता बोलतो. पाद्रीसाहेब रविवारी येणार आहेत, कपाळाला तेल लावून हात ठेवणार. म्हणाले, आईनं स्वतःच्या तोंडानं मागायचं, मोठ्यानं, चमत्कार मागायला लाजायचं नाही. मी होय म्हणून बसले, आणि तेव्हापासून डोळ्यांपुढून ती आग हलत नाही.

तुम्ही बाहेरगावच्या, मोह तुम्हाला फुलापुरता ठाऊक. आमच्याकडे फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे जमीन साफ होते आणि पहाटे पडलेलं फूल दिसतं. पण जाळायचा तो सकाळी, गारव्यात, वारा निजलेला असताना. उपवासकाळाचे दिवस होते, सकाळची प्रार्थना लांबायची. तुम्ही म्हणालात, आधी देव, पाला दुपारी. माझा माणूस म्हणाला, "बाई, दुपारी वारा सुटते. उद्या सकाळी करू."

"वारा कुणाचा आहे, विसरलास?" तुम्ही म्हणालात. सगळे हसले, तोही हसला, आणि पाला पेटवला.

मला अजून दिसतं. धूर आधी सरळ वर जातो आहे, मग आडवा होतो. जाळ वाळल्या गवतातून आपल्या प्रार्थनाघराकडे धावतो, छप्पर गवताचंच. पुरुष ओल्या फांद्यांनी झोडपत आहेत. तुम्ही तिथंच गुडघे टेकता, आम्ही बायका तुमच्या मागे, लेक माझ्या पोटाशी. आणि वारा फिरला. मी खोटं कशाला बोलू? तोंडावरची झळ गेली आणि पाठीला वारा लागला. छपराची एक काडी जळली नाही. तुम्ही घंटा वाजवली, आम्ही गाणी म्हटली. गाणी थांबल्यावर कोरड्या नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या झोपड्यांतली ओरड ऐकू आली. तिथली सुईण, जिनं माझी लेक काढली, नाळ कापली, ती तापानं झोपडीत पडलेली होती. तिला बाहेर काढायला कुणी पोचलं नाही.

तुम्ही त्यांना घोंगड्या दिल्या, भाजलेल्यांना स्वतःच्या हातानं औषध लावलं, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या चुलीपाशी मी विचारलं, "बाई, वारा आपल्यासाठी फिरवला, तर तिकडे कुणी पाठवला?" तुम्ही तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. मग म्हणालात, "देवाला सवाल करू नये. जा, पाणी भर." मी पाणी भरलं. तेच पाणी भरत आले आहे आजपर्यंत.

माझा माणूस मरेपर्यंत म्हणत राहिला, दुपारचा वारा फिरतोच, त्यात काय. तसं असेल तर रविवारी मागण्यात अर्थ नाही. आणि वारा त्यानंच फिरवला असेल, तर जिकडे गेला तेही त्याचंच काम. ज्यानं सारं घडवलं त्याला आग नुसती सरकवता आली, विझवता नाही आली? की आपण छपरापुरतंच मागितलं, म्हणून त्यानं तेवढंच दिलं?

लेकीच्या शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडची एक बाई आहे, जंगलातल्या गावची, तिचे देव वेगळे. रोग तोच. हसरी आहे मेली. म्हणते, "तुह्या पोरीचा अन् माहा खोकला रातभर सोयरीक जुळवून राह्यले." काल पाद्रीसाहेबांचं बोलणं तिनं पडल्या पडल्या ऐकलं आणि मला म्हणाली, "तुहा देव मोठा आहे म्हणते. माह्यासाठी बी सांगून दे ना, बाई."

मला तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही. लेकीवरून हटलेलं मरण कुठे जाईल? तिची खाट इतकी जवळ आहे की इथून हात लांबवला तर लागतो. दोघींसाठी मागावं म्हटलं, तर पलीकडे तिसरी आहे. ओळीनं खाटा आहेत बाई, पार दारापर्यंत.

पाद्रीसाहेब विचारतील, विश्वास आहे ना? त्यांना वाटतं, माझा विश्वास कमी पडतो म्हणून मी गप आहे. तसं नाही. विश्वास नसता तर मी वाटेल ते मागितलं असतं, जातं काय. वारा फिरलेला मी पाहिला आहे, म्हणून माझी जीभ उचलत नाही.

हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही, तो लेकीच्या उशाखाली राहील. तुम्ही कसंही सांगा, स्वप्नात या, नाही तर त्या गंजावर वाजवा. ते सूप थांबलं होतं तेव्हा तुम्हाला काय कळलं होतं, तेवढं पाहिजे. शनिवारी दिवे लागेपर्यंत वाट पाहते. मागू की नको?